ब्रेकबाईंच्या टेबलाखाली

आमच्यात एक बातमी पक्की होती: ब्रेकबाईंच्या टेबलाखाली बटण आहे. समोर कोच बसून बोलत असतो, बाई चेहऱ्यावरची रेषही न हलवता ऐकत असतात. मधेच एखादं वाक्य त्यांना पटत नाही. त्या पायाने बटण दाबतात. खेळ खलास. पुढच्या आठवड्यात तुमच्या दारात नवाच कोच उभा, तोंडावर नवंकोरं हसू: "हाय! आपण आधी ओळख करून घेऊ या हं?"

बातमी आणली होती वकिलाने. वकील म्हणजे आमच्यातलाच एक मुलगा. 'जरा सरकतोस का' म्हटलं तरी आधी हरकत घेतो, म्हणून वकील.

"लाल रंगाचं आहे," तो म्हणाला.

"तू बघितलंस?"

"माझ्या कोचने बघितलंय."

"मग तो सांगायला उरला कसा?"

"उरलाच नाही ना! आता मला दुसरी कोच आहे. आणखी काय पुरावा पाहिजे तुला?"

पुरावा मला पटला. आणि बाईंना सगळे कोच मागून 'ब्रेकबाई'च म्हणायचे. का म्हणतात ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून आम्ही आमचं आम्हीच ठरवून टाकलं होतं.

तर आता ऐका. बटण नाही. मी स्वतः त्या टेबलाखाली शिरून बघून आले आहे. लाल नाही, काळं नाही, काहीच नाही. आहे ते एक भोक. त्या खोलीत करड्या रंगाचा गालिचा आहे, आणि बाईंच्या खुर्चीसमोर, बरोबर उजव्या पायाच्या जागी, तो झिजून झिजून खालची फरशी दिसायला लागली आहे. बाकीचा गालिचा धडधाकट. बटण शोधायला गेले आणि मला बाई सापडल्या.

आधी आमच्याबद्दल थोडं सांगते, नाहीतर तुम्ही अर्ध्यात विचाराल, 'कोच म्हणजे क्रिकेटचा का?' ज्या मुलांना आपल्या घरी राहता येत नाही, त्यांना एक संस्था दुसऱ्या एखाद्या कुटुंबात ठेवते. त्याचं कागदावरचं नाव 'प्रतिपालक कुटुंब'. मी जिच्याकडे राहते ती काकू म्हणते, "एवढं नाव घेईपर्यंत दूध उतू जातं." काकू घरीच शिवणकाम करते. बाहेरच्या खोलीत मशीन, कोपऱ्यात माप द्यायला पडदा, आणि माझ्या सगळ्या कपड्यांवर कुणाच्या तरी उरलेल्या कापडाचे खिसे. मला ती रेडिओ म्हणते, कारण माझ्या तोंडून सगळी स्टेशनं लागतात: शाळेतले सर, कोपऱ्यावरचा औषधवाला, आणि स्वतः काकू, तोंडात टाचण्या धरून: "हाऽत वऽ कऽ, वऽ."

सतराव्या वर्षी आम्हाला एक कोच मिळते. आठवड्यातून एकदा भेटायचं आणि पुढे एकटीने राहायला जे लागतं ते तिच्याबरोबर करून बघायचं. बँकेत खातं उघडायचं, डॉक्टरची वेळ घ्यायची, राहायला जागा शोधायची. तिच्याबरोबर करायचं, तिच्याकडून करून घ्यायचं नाही. हा फरक मला आधी कळत नव्हता. बाईंना तो झोपेतही कळत असणार. कारण ब्रेकबाई म्हणजे या सगळ्या कोचांवर देखरेख करणारी, कोचांची कोच.

माझे दोन कोच होऊन गेले होते. पहिलीचं लग्न होऊन ती लांब गेली, दुसऱ्याला चांगली नोकरी लागली. ("असं सांगतात," वकील म्हणाला.) तिसरी म्हणजेताई. खरं नाव वेगळं, पण तिचं प्रत्येक वाक्य 'म्हणजे'पासून सुरू होतं. दार उघडलं की, "म्हणजे, मी आत येऊ?" काकूने पाणी दिलं की, "म्हणजे, थँक्यू." ती नवी होती. नव्या कोचला काही महिने कच्चं ठेवतात आणि मग ब्रेकबाई ठरवतात, पक्की करायची की नाही. पक्की झाली, तर मी इथून बाहेर पडल्यावरही वर्षभर तीच माझी कोच. नाही झाली, तर चौथी. "हाय! आपण आधी ओळख करून घेऊ या हं?"

मला चौथी नको होती. म्हणजेताईला मी नुकती कुठे पाठ केली होती.

एकदा ती आली तीच चेहरा पाडून. काकूने विचारलं, "काय गं, माप चुकलं का कुठे?" ताई बॅग सावरत दारातच उभी. मग मीच तिला जिन्यात नेलं, कारण आमच्या बहुतेक भेटी जिन्यातच व्हायच्या. घरात मशीनचा आवाज फार.

"ताई, ब्रेकबाईंच्या खोलीत तुम्हाला करायला तरी काय लावतात?"

"म्हणजे..." ती बॅगेच्या चेनवरून अंगठ्याचं नख फिरवत राहिली. "मला तू व्हावं लागतं."

"काय?"

"म्हणजे, दोन खुर्च्या असतात. बाई कोचच्या खुर्चीत बसतात आणि आम्हाला मुलांच्या खुर्चीत बसवतात. मग मी तू व्हायचं. तू जे बोललीस तेच बोलायचं, तुझ्या शब्दांत. मी म्हटलं, 'ती नाराज होती', की बाई म्हणतात, 'नाराज होती हे तुझं झालं. ती काय म्हणाली?'"

"मग तू काय म्हणतेस?"

"म्हणजे, माझं डोकंच रिकामं होतं गं. मी म्हणते, 'ती म्हणाली, ठीक आहे.' आणि मग..." तिने इकडेतिकडे बघितलं, जशा काही बाई जिन्याच्या कठड्याआड लपल्या होत्या. "मग पाय. टेबलाखाली. धप्प!"

माझे कान उभे राहिले. कुठल्याशा खोलीत दर आठवड्याला माझी नक्कल चालते आणि मलाच तिकीट नाही? वर तीही इतकी वाईट? 'ठीक आहे' मी आयुष्यात म्हटलेलं नाही!

"ऊठ," मी म्हटलं. "तुला मी शिकवते."

पुढच्या दोन भेटी आम्ही काकूच्या पडद्यामागे तालीम केली. हनुवटी किती वर, डोळे कधी फिरवायचे, 'हो' न म्हणता 'हो का?' कसं म्हणायचं. ताई घामाघूम. पण शेवटी तिला जमलं. काकू मशीन थांबवून म्हणाली, "बाई गं, पडद्यामागून आता दोन रेडिओ ऐकू यायला लागले. एक होता तोच मला पुरत होता."

ताई खुशीत गेली आणि परत आली ती आणखी पडलेल्या चेहऱ्याने.

"म्हणजे, मी अगदी तुझ्यासारखी बोलले. बाई मान डोलवत होत्या. मी मनात म्हटलं, जमलं! आणि मग असा पाय आपटला म्हणतेस! टेबलावरचा चहा हिंदकळला. म्हणाल्या, 'हे तू ऐकलेलं नाहीस, हे तुला घोटवून घेतलंय. कुणी?' म्हणजे, मी काय खोटं बोलणार? तुझं नाव सांगितलं."

"मग?"

"म्हणाल्या, 'पुढच्या वेळी मास्तरीणबाईंनाच घेऊन ये.' आणि म्हणजे..." तिचा आवाज बारीक झाला. "पुढची वेळ म्हणजे शेवटची. त्याच दिवशी माझं ठरणार आहे."

बाईंचं ऑफिस बसच्या शेवटच्या स्टॉपजवळ आहे. आम्ही लवकर पोचलो. बस तिथे थोडी थांबते. ड्रायव्हर खाली उतरून काच पुसत होता. ताईला त्याने ओळखलं. "ब्रेकबाईंकडे? मग हिंमत ठेवा." मी लगेच चौकशी सुरू केली. मला राहवत नाही.

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"मी?" तो हसला. त्याचं हसणं सायकलच्या पंपासारखं आहे: फुस्स, फुस्स. "इकडे ये, दाखवतो." त्याने मला बसमध्ये नेलं आणि स्वतःच्या सीटच्या मागचं बाक दाखवलं. बाकाखालचं रबर एका जागी गुळगुळीत झालं होतं. "ही त्यांची जागा. सिग्नल लागला की माझ्या आधी त्यांचा ब्रेक लागतो. मी म्हणतो, 'बाई, माझ्याकडेपण आहे हो एक.' तर म्हणतात, 'असू दे, दोन असलेले बरे.'"

अशी बटणाची भानगड सुटली. बाई वीसेक वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायच्या. शिकवायच्या गाडीत दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक बाजूला बसलेल्या शिक्षकाच्या. गाडी सुटली, सवय सुटली नाही. समोरचा कुठे चुकतोय असं वाटलं की बाईंचा पाय आपोआप दाबला जातो. त्या टेबलाशी असोत, बसमध्ये असोत, नाहीतर लग्नाच्या पंगतीत असोत.

"मलाही त्यांनीच शिकवली," ड्रायव्हर म्हणाला. "मीपण तुमच्यातलाच. संस्थेने मला गाडी शिकायला पाठवलं होतं. आणि मला एक खोड होती. मागून हॉर्न वाजला की मी गाडी थांबवायचो, खाली उतरायचो आणि मागच्याची माफी मागायचो."

"रस्त्यात?"

"भर चौकात! कुणी आवाज चढवला की आधी माफी मागून मोकळं व्हायचं, एवढं एकच मला घरी शिकवलेलं."

"मग बाई ओरडल्या असतील."

"छे! त्यापण खाली उतरल्या. मी माफी मागितली आणि त्यांनी मागच्याला विचारलं, 'याने काय केलं?' तो म्हणाला, 'काही नाही, असाच वाजवला.' दुसऱ्या दिवशी पुन्हा. 'याने काय केलं?' 'याने नाही हो, पुढे मांजर होतं.' एक म्हातारी तर म्हणाली, 'मी आमच्या ह्यांना हाक मारत होते, तुम्ही कोण मधे?'" फुस्स, फुस्स. "असं उतरून उतरून शेवटी मलाच कंटाळा आला. एक दिवस हॉर्न वाजला आणि मी उतरलोच नाही. बाई म्हणाल्या, 'चला, आता दुसरा गिअर.'"

मला ती दिसलीच: भर चौकात, सगळे ओरडतायत, आणि बाजूला उभी राहून शांतपणे चौकशी करणारी बाई. फक्त आवाज कसा असेल तो कळेना. इतक्या गोष्टी ऐकल्या, पण आवाज कुणीच नीट काढून दाखवेना. भरभक्कम असणार, मी ठरवलं. रेल्वेच्या इंजिनासारखा.

दार उघडलं तर आत एक चिमुकली बाई, खुर्चीत उशी घेऊन बसलेली. उशी गाडीतली, कडेला इलॅस्टिक असलेली. चष्मा गळ्यात दोरीला, पुढ्यात थर्मास आणि चहाचा कप. आणि आवाज? शाळेची घंटा वाजून गेल्यावर तिची जी बारीक घणघण उरते ना, तसा.

"या मास्तरीणबाई. बसा. आरशात बघितलंत का?"

"कुठल्या आरशात?"

"कुठेही बसायच्या आधी मागे कोण आहे ते बघावं." मागे ताई होती, दारालाच चिकटून उभी. "तिला आत घ्या, नाहीतर ती तिथूनच परत जाईल."

मी खिशातलं बिस्कीट काढून मुद्दाम खाली पाडलं आणि टेबलाखाली शिरले. भोक बघितलं. बाईंचा बूटही बघितला, तळ चपटा, टाच एका बाजूला झिजलेली.

"सापडलं का बटण?" वरून आवाज आला.

मी डोकं आपटून घेतलं. "तुम्हाला माहितेय?"

"माझा मुलगा मला गाडीत पुढे बसू देत नाही. म्हणतो, 'आई, तुझ्या बाजूची मॅट मी दोनदा बदलली.' तुमची बटणाची गोष्ट तरी बरी, तिच्यात मला पगार मिळतो."

मी टेबलाच्या वर येत विचारलं, "गाडी शिकवायची सोडून तुम्ही इथे कशा आलात?"

"तुमच्यातली मुलं शाळेला दांड्या मारायची, डॉक्टरकडे जायची नाहीत, पण माझ्या गाडीशी वेळेवर हजर. संस्थेने म्हटलं, तुम्ही कोचांना शिकवा. मी म्हटलं, मला बाजूच्या सीटवर बसण्यापलीकडे काही येत नाही. म्हणाले, तेच शिकवा. मग संध्याकाळचा एक कोर्स करायला लावला, पोरींच्या वर्गात, शेवटच्या बाकावर." त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं. "झाली चौकशी? आता खुर्च्या. आज उलट. मास्तरीणबाई कोच होतील. आणि तू," त्या ताईला म्हणाल्या, "तू ही हो. मी फक्त बघणार. ही नकलेत काही सोडत नाही असं ऐकलंय. तर तुझ्याकडे काय काय आहे ते मला हिच्यात दिसेल."

आता बघा माझी काय गोची झाली ती. ताईचं सगळं ठरायचं होतं, आणि ते माझ्या नकलेवर ठरणार होतं! मी काय करणार? मी ताईला इस्त्री करून आणली. ताठ बसले, हसले, 'म्हणजे' सगळी गाळून टाकली आणि म्हटलं, "मला समजतंय तुला काय वाटतंय. आपण मिळून मार्ग काढू या."

धप्प!

चहा हिंदकळला. बाईंनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे संस्थेची एक पाटी होती, हसऱ्या माणसांची, खाली लिहिलेलं: 'आम्ही सोबत आहोत.'

"ही त्या पाटीची नक्कल झाली. तुझ्या ताईची कर."

"तीच केली."

"हिला मी दर आठवड्याला ऐकते. हिने एवढं लांब वाक्य एका दमात बोललेलं मी अजून ऐकलं नाही."

"खरी केली तर तुम्ही हिला घालवाल," माझ्या तोंडून गेलं.

ताईच्या अंगठ्याचं नख चेनवर फिरायला लागलं. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मला नीट बघून घेतलं.

"खरी कर. माझा पाय हलणार नाही."

"हलेल. पैज!"

"कसली?"

"मी जिंकले तर ताई राहील."

"कोणाची नोकरी मी पैजेवर लावत नाही. तिचं मी बघून ठरवीन. दुसरं माग."

मी विचार केला. "तर मग तुम्ही महिनाभर बसमध्ये सगळ्यात मागच्या बाकावर बसायचं."

बाईंचा चेहरा पहिल्यांदा उतरला. "महिनाभर?"

"महिनाभर."

"बरं. आणि तू हरलीस तर एक फोन करायचा. कोणाला ते मागाहून सांगीन. चल, घे पुढे."

मग मी खरी ताई केली. जिन्यातली, रेक्टरच्या फोनच्या दिवसाची. तो दिवस असा: मला पुढे राहायला मुलींच्या होस्टेलमध्ये जागा हवी होती आणि त्यासाठी तिथल्या रेक्टरना फोन करायचा होता. ताईने नंबर लावला, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "म्हणजे, तू बोल, मी आहे." पलीकडून 'हॅलो' आलं, मी तोंड उघडलं, आणि बाहेर आला ताईचा आवाज. "म्हणजे, नमस्कार. मी कोच बोलतेय. आमची मुलगी, म्हणजे, अतिशय शांत आहे हो." दुसऱ्या कोणी फोन हिसकावून घेतला असता. ताईने दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि ती इतकी हसली की कठड्याला धरून खाली बसली. रेक्टर खूश झाल्या. म्हणाल्या, येऊन जागा बघून जा. म्हणजे एका मुलीने कोच बनून रेक्टरना खुशाल बनवलं, आणि कोच तिथेच बसून हसत होती! याच्यापुढे कुठल्या बाईचा पाय गप्प राहील?

खोलीत हे करताना आणखी एक गंमत झाली. ताईला मी व्हायचं होतं, आणि मी त्या फोनवर ताई झाले होते. म्हणजे तिला स्वतःचीच नक्कल करायची होती. तिने न घाबरता, न अडखळता ती केली. "आमची मुलगी, म्हणजे, अतिशय शांत आहे हो." मी ठरल्याप्रमाणे दोन्ही हातांनी तोंड दाबून हसले आणि हसता हसता खाली वाकून बघितलं.

पाय वर उचलला गेला होता. बरोबर भोकावर. हवेत.

मी मनात बाईंना मागच्या बाकावर बसवूनसुद्धा टाकलं. पण नक्कल अर्धी होती, पुढची करणं भाग होतं. पुढे ताईचं हसू थांबलं होतं. ते कसं थांबलं ते मला नेमकं माहीत होतं: एकदम नाही, नळ बंद केल्यावर दोन थेंब मागून येतात तसं. मग ती म्हणाली होती, "म्हणजे... तू माझ्यापेक्षा छान बोललीस." आणि मग, "पण आता त्या मला ओळखतात. तुला नाही." आणि मग काहीच नाही. अंगठा चेनवर. तोंड एकदा 'म्हणजे'साठी उघडलं, पुन्हा मिटलं. खालच्या मजल्यावर कोणीतरी कुलूप लावून निघून गेलं. ती तशीच माझ्या शेजारी बसून राहिली होती. मीही खुर्चीत तशीच बसून राहिले.

आता पाळी ताईची होती. तेव्हा मी काय बोलले होते ते तिने बोलायचं होतं. तिने आधी माझ्याकडे बघितलं. मला काय विचारतेय ते कळायला एक क्षण लागला. मी भुवई उडवली, बोल.

"माझ्या आवाजात मागितलं की," ताई म्हणाली, आणि त्यात ना हनुवटी वर होती ना डोळे फिरवणं होतं, "लोक नाही म्हणतात."

मी हे बोलले होते? बोलले असणार. शब्द माझेच होते, मधला श्वाससुद्धा.

बाईंनी चष्मा काढून गळ्यात सोडला. मग ताईला म्हणाल्या, "हे तुला तेव्हापासून आठवत होतं?"

"हो."

"मी तुला इतक्या वेळा विचारलं, ती काय म्हणाली. तू म्हणायचीस, ठीक आहे म्हणाली."

"ते तिचं होतं," ताई म्हणाली. 'म्हणजे' नाही, काही नाही. "तिला न विचारता मी इथे कसं आणणार?"

मी पुन्हा खाली वाकले. पाय भोकाच्या बाजूला, धडधाकट गालिच्यावर टेकलेला होता. हळूच ठेवलेला, मांजर झोपलंय म्हणून ठेवावा तसा.

"पुढच्या मंगळवारी नेहमीच्या वेळी ये," बाई ताईला म्हणाल्या. "आणि हिला नंबर लावून द्यायचा नाही. तिचा नंबर, तिचं बोट. दुसऱ्याच्या आवाजात बोलली तर फोन तिथेच ठेवायला सांगायचा. हसायचं ते त्याच्यानंतर. आणि न विचारता आणायचं नाही हे बरोबर. पण विचारायचं. नुसतं दाबून ठेवायचं नाही."

"म्हणजे, बाई, मी..."

"म्हणजे पक्की. ऊठ आता, खुर्ची तापली."

ताई उठली, परत बसली, परत उठली आणि थर्मासला पकडून हुंदके द्यायला लागली. मी मात्र धंद्याचं बोलले.

"बाई, पाय हलला."

"कुठे हलला?"

"मी बघितला! वर उचलला होता."

"उचलला होता. दाबला का?"

"उचलणं म्हणजे हलणंच!"

"अगं, रस्त्यात मूल दिसलं की पाय ब्रेकवर नेऊन ठेवायचा असतो. मूल बाजूला झालं की परत घ्यायचा. त्याला ब्रेक लावला म्हणत नाहीत. दहा गाडीवाल्यांना विचार."

"वकिलाला विचारते."

"विचार. तोवर फोन घे. रेक्टरना लाव. तुझ्या आवाजात."

मी बसवाल्याची आठवण काढली, ताईकडे बघितलं (ती रुमालात बुडाली होती, तिचा काही उपयोग नव्हता), भिंतीवरच्या हसऱ्या माणसांकडेही बघून घेतलं. मग नंबर दाबला. पलीकडून 'हॅलो' आलं आणि माझ्या घशात सगळी स्टेशनं एकदम गर्दी करायला लागली: काकू, सर, औषधवाला, ताई, नवी शिकलेली घंटेची घणघण. मी सगळ्यांना थांबवून ठेवलं. जो उरला तो आवाज जरा घोगरा होता.

"हॅलो. मी जागेसाठी फोन केला होता. म्हणजे मागे कोच बोलल्या होत्या ती... ती मीच होते. मला माझ्यासाठी जागा हवी आहे."

"अच्छा," रेक्टर म्हणाल्या. "मग ती शांत मुलगी कोण?"

"मीच. पण मी शांत नाहीये."

धप्प!

टेबल हललं, चहा सांडला, ताईने रुमालातून डोकं वर काढलं.

"हलला!" मी फोनवर हात ठेवून ओरडले. "आत्ता दाबला! मागचं बाक!"

"पैज मघाशीच संपली," ब्रेकबाई चहा पुसत म्हणाल्या. "हरलेलीस तू. बोल पुढे, त्या थांबल्यात."